संत फ्रान्सिस द सेल्स : एका सोडून दिलेल्या बेताची कथा

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी नागपूरला मामांकडे गेले होते. मामांच्या शेजारच्या घरात एक वृद्ध बाई एकट्याच राहत. दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्याकडे दोन धर्मभगिनी येत. चपला उंबरठ्याबाहेर काढून आत जात, आजींचे केस विंचरून देत, औषधाच्या बाटल्या पाहत, घटकाभर बसत आणि उठून जात. धर्माची गोष्ट काढीत नसत की कुठली पुस्तिका ठेवून जात नसत. आजी आपल्या रोज तुळशीला पाणी घालणाऱ्या, पण गुरुवारची वाट त्या सकाळपासून पाहत.

या बायका अशा दोघीदोघी घरोघर जाण्याची रीत कुणी घातली असेल, असे मी एकदा सहज मामांना विचारले. मामा तिथल्याच मिशनच्या शाळेत शिकलेले. ते म्हणाले की, सदर भागात आणि सेमिनरी हिल्सवर तू ‘एस. एफ. एस.’ अशी तीन अक्षरे पाटीवर वाचलीस ना, ती ज्या माणसाच्या नावाची आहेत त्यानेच आपल्या भगिनींना अशा भेटींना धाडले होते; आणि पुढे त्या भेटी त्यानेच बंद केल्या.

हे दुसरे वाक्य माझ्या मनातून जाईना. स्वतः लावलेले रोप कोणी स्वतःच्या हाताने का उपटावे? सुट्टी संपल्यावर मिळतील ती पुस्तके वाचली, प्राध्यापकांना विचारले आणि त्यातून सेंट फ्रान्सिस द सेल्स या बिशपांचे चरित्र जसे उलगडले तसे इथे मांडीत आहे.

फ्रान्सिस यांचा जन्म २१ ऑगस्ट १५६७ रोजी सॅव्हॉयमध्ये झाला. सॅव्हॉय म्हणजे फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड यांच्या मध्ये आल्प्सच्या कुशीत वसलेले त्या काळचे एक स्वतंत्र संस्थान. तोरेन्स गावी सेल्स घराण्याची गढी होती. फ्रान्सिस थोरला मुलगा. वडिलांचा बेत ठरलेला होता : मुलाने कायदा शिकावा, शांबेरीच्या वरिष्ठ न्यायसभेत मानाची जागा मिळवावी, चांगल्या घराण्यातली मुलगी करावी आणि गढीचा कारभार सांभाळावा. त्यासाठी त्यांनी मुलाला पॅरिसला जेझुइटांच्या विद्यालयात धाडले.

पॅरिसमध्ये एकोणिसाव्या वर्षी या मुलावर एक विलक्षण संकट आले. कोण तरणार आणि कोण बुडणार हे देवाने आधीच ठरवून ठेवले आहे की काय, यावर त्या काळी विद्यापीठांतून मोठे वाद चालत. फ्रान्सिस यांच्या मनाने घेतले की आपले नाव बुडणाऱ्यांतच आहे. अन्न तुटले, झोप गेली, सहा आठवडे देह झिजत राहिला. अखेर १५८७ च्या आरंभी एका चर्चमध्ये मरियेच्या काळ्या मूर्तीपुढे ते गुडघे टेकून बसले आणि त्यांनी मनाशी ठरवले की, परलोकी देवावर प्रेम करता येणार नसेल तर निदान या लोकी जितके करता येईल तितके करावे. त्याच क्षणी मनावरचा भार उतरला. मला वाटते, पुढच्या सगळ्या चरित्राची किल्ली या प्रसंगात आहे. भीतीने माणसाचे काय होते हे त्यांनी भोगले होते; म्हणून पुढे त्यांनी कोणालाच भीती घालून देवाकडे नेले नाही.

इटलीत पादुआच्या विद्यापीठात १५९१ साली त्यांनी कायद्याची डॉक्टरेट मिळवली. घरी परतल्यावर वकिलीची सनद झाली, मुलगीही पाहून झाली. तेव्हा मात्र त्यांनी धर्मगुरू होण्याचा निश्चय वडिलांपुढे उघड केला. वडील दुखावले, पण त्यांनी संमती दिली. १८ डिसेंबर १५९३ रोजी फ्रान्सिस यांना गुरुदीक्षा मिळाली.

पुढच्याच वर्षी त्यांच्यावर एक अवघड कामगिरी आली. जिनिव्हा सरोवराच्या दक्षिणेला शाब्ले नावाचा मुलूख आहे. तिथली प्रजा दोन पिढ्या प्रॉटेस्टंट झालेली. कॅथॉलिक उरले होते ते बोटांवर मोजण्याइतके. त्यांना परत आणण्यासाठी सत्तावीस वर्षांचे फ्रान्सिस आपला चुलतभाऊ लुई याला घेऊन पायी निघाले. आलँजच्या किल्ल्यात मुक्काम आणि रोज तोनों गावापर्यंत पायपीट, असा क्रम सुरू झाला. हिवाळ्यात बर्फ, वाटेत लांडगे, त्यात जिवावर टपलेले लोक. प्रवचनाला मोजून चार माणसे येत. ऐकायला कोणी येत नाही तर वाचायला द्यावे, असा विचार करून त्यांनी छोटी पत्रके लिहिली, त्यांच्या प्रती केल्या आणि त्या घरांच्या दारांखालून आत सरकवल्या, चौकात चिकटवल्या. याच पत्रकांमुळे १९२३ साली पोप अकरावे पायस यांनी त्यांना लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

चार वर्षांनी शाब्लेतील बहुतेक प्रजा कॅथॉलिक पंथात परतली. भक्तिभावाने लिहिलेली चरित्रे इथे थांबतात. पण हे सारे केवळ गोड शब्दांनी झाले असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. शेवटच्या टप्प्यात ड्यूक चार्ल्स इमॅन्युएल यांनी राजसत्तेचा दाब टाकला; न वळणाऱ्यांना मुलूख सोडण्याची पाळी आली. फ्रान्सिस यांचा स्वभाव मृदू होता, परंतु त्यांच्यामागे उभी असलेली तलवार मृदू नव्हती. ती त्या शतकाची रीत होती आणि ते त्या शतकाचेच होते.

८ डिसेंबर १६०२ रोजी ते जिनिव्हाचे बिशप झाले. मौज अशी की ज्या शहराचे बिशप त्या शहरातच त्यांना बिशप म्हणून पाऊल ठेवता येत नव्हते, कारण जिनिव्हा कॅल्व्हिनच्या अनुयायांच्या ताब्यात होते. त्याच डिसेंबरात ड्यूकच्या सैन्याने शिड्या लावून रात्री शहर घेण्याचा प्रयत्न केला आणि तो फसला. त्यामुळे बिशपांचे ठाणे सरोवराकाठच्या आन्सी या लहान गावीच राहिले. फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याने त्यांना आपल्याकडे ठेवून घेऊ पाहिले. त्यांनी आपला गरीब डोंगरी धर्मप्रांत सोडला नाही. खेड्यापाड्यांतून ते घोड्यावरून, वाट नसेल तिथे पायी हिंडत. या काळातली एक गोष्ट मला फार आवडली. मार्टिन नावाचा एक मूकबधिर तरुण त्यांना भेटला. बोलता-ऐकता न येणाऱ्याला धर्म शिकवता येतो हेच तेव्हा पुष्कळांना पटत नसे. बिशपांनी स्वतः खुणांची भाषा जुळवून त्याला शिकवले आणि पुढे आपल्या घरीच ठेवून घेतले.

आता मूळ कथेकडे येते. १६०४ च्या उपवासकाळात फ्रान्सिस यांची प्रवचने फ्रान्समधील दिजों शहरी झाली. समोर बसणाऱ्यांत झान द शांताल नावाची बत्तीस वर्षांची एक विधवा होती. वडील दिजोंच्या न्यायसभेतील मोठे अधिकारी; पती जहागीरदार. १६०१ साली शिकारीत सोबत्याच्या हातून गोळी सुटली आणि त्या जखमेने पती गेला. पदरात चार लहान मुले. पुढे तिला सासऱ्याच्या घरी राहावे लागले. सासरा तापट, आणि घराच्या किल्ल्या एका मोलकरणीच्या कमरेला. आपल्याकडच्या आत्याबाई-मावशांच्या तोंडून अशा सासुरवासाच्या कथा आपण ऐकल्या आहेत. त्या फ्रान्समध्येही होत्या तर! झानबाईंच्या आधीच्या धर्मगुरूने त्यांना कडक व्रतांच्या आणि शपथांच्या दोरांनी करकचून बांधले होते. फ्रान्सिस यांनी पहिली गोष्ट केली ती ही की त्या शपथांतून त्यांना मोकळे केले.

संन्यास घेण्याची झानबाईंची तळमळ होती. पण बिशपांनी त्यांना सहा वर्षे थांबवले. मुलांचे पाहा, सासऱ्याचे पाहा, भोवतालच्या गरिबांचे पाहा, असे ते पत्रांतून सांगत राहिले. या वर्षांत त्यांनी आणखी एका संसारी बाईला साधनेसाठी लिहिलेली टिपणे एकत्र करून १६०९ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. शिपायाने, कारागिराने, गृहिणीने आपापल्या जागी राहूनही देवाची भक्ती पूर्णपणे करता येते, हा त्याचा गाभा. पैठणला संसार करीत परमार्थ साधणाऱ्या एकनाथांचा वारसा असलेल्या आपल्याला यात नवे काही वाटणार नाही; पण भक्ती ही मठाच्या भिंतीआड राहणाऱ्यांची मिरास मानणाऱ्या त्या समाजात तो मोठा धक्का होता. पुस्तक विद्वानांच्या लॅटिनमध्ये नव्हते, लोकांच्या फ्रेंचमध्ये होते. ईश्वरप्रेमावरचा त्यांचा दुसरा मोठा ग्रंथ १६१६ साली निघाला. त्याच वर्षी इकडे गोव्यात राचोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. दोघांची कधी गाठ पडलेली नाही, पण लोकांशी लोकांच्याच भाषेत बोलावे, ही जाण दोघांना एकाच काळी झाली होती.

१६१० च्या मार्चमध्ये झानबाई घर सोडून निघाल्या. थोरल्या मुलीचे लग्न झाले होते. जावई म्हणजे बिशपांचाच धाकटा भाऊ. सर्वांत धाकटी मुलगी नुकतीच वारली होती. उरलेली एक मुलगी बरोबर होती. राहिला तो चौदा-एक वर्षांचा मुलगा. तो आजोबांकडे राहायचा होता. निघण्याच्या वेळी त्याने आईची वाट अडवण्यासाठी उंबरठ्यावरच अंग टाकले, आणि आई क्षणभर थांबली, रडली आणि त्याला ओलांडून गेली, असे सांगतात. हा प्रसंग वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले होते. आजही त्या आईची बाजू मला पुरती घेता येत नाही, आणि मुलाची बाजू घेतली तर आईवर अन्याय होतो असे वाटते. इतकेच म्हणते की, नव्या संघाची किंमत पहिल्या दिवशी कोणी मोजली हे विसरता कामा नये.

६ जून १६१० रोजी आन्सी गावातल्या एका लहान घरात झान द शांताल, शार्लोत द ब्रेशार आणि जाकलीन फाव्र या तिघींनी संघाचा आरंभ केला. त्यांच्या दिमतीला आन जाकलीन कोस्त ही साधी कष्टकरी बाई होती. तीही पुढे भगिनी झाली. गर्भवती मरिया डोंगर ओलांडून आपल्या वयस्क नातलग एलिझाबेथच्या भेटीला गेली, ही बायबलातील कथा प्रसिद्ध आहे. तिच्यावरून संघाला ‘व्हिजिटेशन’, म्हणजे ‘भेट’, हे नाव मिळाले.

या संघात दोन गोष्टी नव्या होत्या. पहिली अशी की, त्या काळच्या मठांचे नियम कडक : रात्रीबेरात्री उठणे, लांबलचक उपवास, अनवाणी चालणे. धडधाकट तरुण मुलीच तिथे टिकत. वृद्ध, विधवा, दुबळ्या, आजारी बायकांना ते दार बंदच होते. फ्रान्सिस यांनी हे दार उघडले. शरीराला छळणारी व्रते त्यांनी कमी केली आणि त्यांच्या जागी नम्रता, सौम्यपणा आणि एकमेकींना सांभाळून घेणे ही व्रते घातली. दुसरी गोष्ट म्हणजे भेटी. १६१२ च्या आरंभापासून भगिनी पाळीपाळीने दोघीदोघी बाहेर पडू लागल्या. गावातल्या गरीब आजाऱ्यांकडे जायचे, त्यांना धुऊनपुसून काढायचे, अंथरूण बदलायचे, मळके कपडे धुवायला आणायचे. स्वतः झानबाईही जात. जहागीरदाराची सून मोलमजुरांच्या खोपट्यात शिरते आहे, हे दृश्य आन्सीला नवे होते.

संघाची कीर्ती पसरली आणि १६१५ मध्ये फ्रान्समधल्या लियों या मोठ्या शहरात दुसरे घर निघाले. तिथे अडचण उभी राहिली. लियोंचे आर्चबिशप मार्कमों यांनी हरकत घेतली. ती समजण्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ साली संन्यासिनींना मठाबाहेर जाण्यास मनाई केली होती आणि १५६६ साली पोप पाचवे पायस यांनी तो नियम आणखी घट्ट केला होता. शिवाय प्रश्न इस्टेटीचा होता. संन्यासिनीने महाव्रत घेतले की कायद्याच्या दृष्टीने ती संसाराला मेली. मग वारसाहक्क नाही, लग्न नाही. नव्या संघातल्या भगिनी मात्र साधे व्रत घेत. उद्या एखादी व्रत सोडून परत आली, वाटणी मागू लागली, लग्न करू लागली तर? आपल्या मुलींना अशा ठिकाणी धाडायला घराणी कचरत होती. मठाच्या भिंती धर्माने बांधल्या होत्या हे खरे, पण त्यांच्या पायात जमीनजुमल्याचे दगडही होते.

पत्रव्यवहार चालला, भेटी झाल्या. अखेर फ्रान्सिस नमले. १६१८ साली रोमच्या संमतीने संघाचे रीतसर बंदिस्त मठांच्या पंथात रूपांतर झाले. भगिनींचे बाहेर जाणे थांबले. नाव मात्र ‘भेट’ हेच राहिले.

मला प्रथम राग आला. शाब्लेच्या बर्फात न डगमगणारा, राजाला नाही म्हणणारा हा माणूस इथेच का वाकला? अभ्यासकांचे म्हणणे असे की, भेटी हा संघाचा मुख्य हेतू नव्हताच; अंतरंगातली साधना आणि दुबळ्यांना आसरा हाच मुख्य. या उत्तराने माझे पूर्ण समाधान झाले नाही. जो आजारी मनुष्य दाराकडे डोळे लावून बसला असेल त्याला मुख्य आणि गौण यांतला फरक कोण समजावणार? परंतु वाटाघाटींचा तपशील वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. काय सोडायचे आणि काय सोडायचे नाही याची रेघ त्यांच्या मनात पक्की होती. विधवांना प्रवेश राहील. संसारी बायकांना काही दिवस मठात येऊन साधना करता येईल. लांबलचक स्तोत्रपाठाऐवजी दुबळ्यांना झेपेल असा मरियेचा छोटा पाठच राहील. या गोष्टींचा आग्रह त्यांनी सोडला नाही आणि त्या मिळवल्या. बाहेर जाण्याचे दार त्यांनी मिटू दिले, पण आत येण्याचे दार मिटू दिले नाही. ही माघार होती, पळ नव्हता.

शेवटची वर्षे दगदगीची गेली. डिसेंबर १६२२ मध्ये राजदरबाराच्या कामासाठी ते लियोंला आले. राहायला मोठमोठी घरे पुढे झाली होती. त्यांनी ‘भेट’ संघाच्या मठातल्या माळ्याची खोली पत्करली. तिथे झानबाई त्यांना भेटल्या. तीन वर्षांत भेट नव्हती. मनातले पुष्कळ सांगायचे होते, पण बिशपांनी ते आन्सीला गेल्यावर पाहू असे सुचवून संघाच्या कामाचेच बोलणे केले. आन्सीची ती भेट झालीच नाही. २७ तारखेला त्यांना पक्षाघाताचा झटका आला. वैद्यांनी तापलेल्या लोखंडाचे डाग दिले. तेही त्यांनी सोसले. २८ डिसेंबर १६२२ रोजी, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, त्या माळ्याच्या खोलीतच त्यांचे देहावसान झाले. तेव्हा संघाचे तेरा मठ होते. झानबाई पुढे एकोणीस वर्षे जगल्या आणि १६४१ मध्ये त्या गेल्या तेव्हा मठांची संख्या ऐंशीच्या वर गेली होती. फ्रान्सिस यांना १६६५ साली संतपद मिळाले, झानबाईंना १७६७ साली.

मग त्या भेटींचे काय झाले? कथेचा हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. फ्रान्सिस अखेरच्या वर्षांत पॅरिसला गेले असता एका धर्मगुरूशी त्यांचा स्नेह जडला होता. ते व्हिन्सेंट द पॉल. पॅरिसच्या ‘भेट’ मठाची देखरेख फ्रान्सिस यांनी त्यांच्याकडे सोपवली. मठाचे दार कसे बंद झाले हे व्हिन्सेंट यांना ठाऊक होते. १६३३ साली लुईझ द मारियाक या विधवेच्या साहाय्याने त्यांनी सेवाभगिनींचा संघ काढला, तेव्हा त्यांनी एक शहाणपण केले : या संन्यासिनी आहेत असे ते म्हणालेच नाहीत. संन्यासिनी नाहीत म्हणून त्यांना मठाची भिंत नाही. त्या उघड्या रस्त्याने रोग्यांकडे जाऊ लागल्या. पुढे १६५० साली फ्रान्समधल्या ल पुई गावी बिशप हेन्री द मोपा यांच्या आश्रयाखाली सेंट जोसेफच्या भगिनींचा संघ उभा राहिला. या बिशपांनी फ्रान्सिस यांचे चरित्रही लिहिले आहे. ‘भेट’ संघाचा मूळ बेत त्यांच्या डोळ्यांपुढे होता.

तिथून नागपूर दूर नाही. १८३८ साली फादर मर्मिये यांनी आन्सी येथे फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने मिशनऱ्यांचा संघ काढला. त्याचे धर्मगुरू एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला विशाखापट्टणमला आले आणि तिथून मध्य भारतात कामठी-नागपूरपर्यंत पोहोचले. १८८७ साली नागपूरचा धर्मप्रांत झाला तेव्हा पहिले बिशप अलेक्सिस रिकाझ याच संघाचे होते. पाट्यांवरची ती तीन अक्षरे अशी आली. त्यांच्यामागोमाग सेंट जोसेफच्या भगिनीही आल्या आणि त्यांनी या भागात शाळा आणि सेवाकार्य सुरू केले. बिशपांनी सोडून दिलेला बेत इतरांच्या हातांतून फिरत फिरत त्यांच्याच नावाच्या गावी येऊन पोहोचला.

यंदा पुन्हा नागपूरला जाणे झाले. शेजारच्या घराला आता कुलूप आहे. आजी मागच्या पावसाळ्यात गेल्या. त्या दोन भगिनी कोणत्या संघाच्या होत्या हे मी कधी विचारलेच नाही. गुरुवारी संध्याकाळी मी गॅलरीत उभी होते. त्या दोघी आल्या, आमच्या दारावरून पुढे गेल्या आणि गल्लीच्या टोकाला आणखी एका घरासमोर थांबल्या. चपला काढून त्यांनी उंबरठा ओलांडला.